दगूफुईचे चिंचोके

आमचा पाडा मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मी लहान असताना एका वर्षी पाऊस असा रुसला की मका रानातच वाळला. तेव्हा माझा बा, रूपसिंग, आईला आणि मला घेऊन डोंगर उतरला. खापरच्या बाजारात कुणीतरी त्याला तापीकाठच्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथे गिरधर पाटील म्हणून शेतकरी होते, त्यांना सालदार हवा होता. बा वर्षभराचा गडी म्हणून त्यांच्याकडे राहिला आणि पाटलांच्या खळ्याच्या कडेला आमची झोपडी उभी राहिली. ही गोष्ट तीसच्या सालाच्या पुढची-मागची. मी पाचेक वर्षांची असेन.

त्या गावात मला कुणाचंच बोलणं कळत नव्हतं. आमच्या घरात भिली, गावात अहिराणी. आई, कमलीबाई, पहाटेच पाटलांच्या गोठ्यात शेण काढायला जायची, बा औतावर जायचा, आणि मी झोपडीच्या दाराशी बसून राहायची. गावातली पोरं जवळ यायची, काहीतरी विचारायची, मी गप्प. ती हसून निघून जायची. थोड्या दिवसांनी मी दाराबाहेर यायचंच सोडून दिलं.

त्या खळ्यावर माझ्यासारखीच आणखी एक मुलगी होती. पाटलांची धाकटी, धनू. लहानपणी तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचे कान गेले. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही आलं नाही. अंगात मात्र ताकद फार. मनातलं कुणाला कळलं नाही की ती हातातली वस्तू फेकायची, चावायची. एकदा ती विहिरीच्या काठाशी सापडली, तेव्हापासून तिची आई छबूबाई तिच्या कमरेला मऊ सुती दोर बांधून तिला खाटेजवळ ठेवायची. छबूबाई वाईट नव्हती. घरात एवढी माणसं, एवढी जनावरं. ती बिचारी कुठे कुठे पाहणार? दोर बांधताना तिचे डोळे भरलेले मी पाहिले आहेत. गाव मात्र धनूला सरळ येडी म्हणायचं.

दगूबाई ही गिरधर पाटलांची थोरली बहीण. तिचं लग्न अगदी लहानपणी झालं आणि सासरी नांदायला जायच्या आधीच नवरा पटकीने गेला. त्या घरात पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, चाल नव्हती. तेव्हापासून ती माहेरीच. अंगावर पांढरं लुगडं, गळ्यात तुळशीची माळ, आणि दिवसभर हात कशात ना कशात गुंतलेले. घरातल्या मुलांची ती फुई, म्हणजे आत्या. पुढे गावातली सगळीच पोरं तिला दगूफुई म्हणायला लागली आणि मीही म्हणायला लागले.

सुरुवात एका जेवणावळीने झाली. पेरणीचे दिवस होते. शेतावरून गडी जेवायला आले आणि ओट्यावर बसले. दगूफुईने ताटं मांडली आणि भाकऱ्या आणायला आत गेली. बाहेर येऊन पाहते तर धनू दोर ताणून कोनाड्यापर्यंत पोचलेली, तिथलं एक ताट ओढून आणून ती शेवटी बसलेल्या माणसापुढे ठेवत होती. एक ताट कमी पडलं होतं. ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

दगूफुई भाकऱ्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग भावजयीला हाक मारून म्हणाली, "छबू, ही पोर येडी नही शे. हिले समजस."

छबूबाईला वाटलं, नणंद आपली समजूत घालते आहे. पण दगूफुईने त्याच दुपारी धनूच्या कमरेचा दोर सोडला आणि तिला धरून खळ्यावर आणलं. मी झोपडीच्या दारात होते. फुईने मलाही हात केला. मी हलले नाही. तिने पदरातून मूठभर चिंचोके काढले, जमिनीवर पसरले आणि माझ्याकडे न बघता खेळायला बसली. चिंचोके मला माहीत होते. आमच्या पाड्यावर चिंचेचं झाड होतं. मी सरकत सरकत जवळ गेले.

पहिला खेळ एकी-बेकीचा. मुठीत चिंचोके लपवायचे आणि समोरच्याने ओळखायचं, जोड्या पुऱ्या लागतात की एक सुटा राहतो. गावातली पोरं तोंडाने सांगायची. आम्हा दोघींना तोंड असून नसल्यासारखं, म्हणून फुईने बोटं ठरवली. एक बोट म्हणजे सुटा राहणार, दोन बोटं म्हणजे जोड्या लागणार. मूठ उघडली की आम्ही दोघी जोड्या लावायचो. जिंकणारीला चिंचोके मिळायचे. पहिल्या दिवशी धनू हरली आणि तिने सगळे चिंचोके खळ्यावर भिरकावले. फुई रागावली नाही. उठली आणि वेचायला लागली. मी वेचू लागले, मग धनूही आली. वेचता वेचता फुईने जमिनीत छोटे छोटे खळगे केले आणि एकेका खळग्यात एकेक चिंचोका टाकायला लागली. धनूने ते पाहिलं, तिचा राग कुठल्या कुठे गेला. संध्याकाळपर्यंत आम्ही खळगेच भरत होतो.

मग रोजच काहीतरी निघायचं. फुईला वेगळा वेळ काढावा लागत नसे, तिच्या कामातच आमचा खेळ असायचा. ती उन्हाळ्यात खाटेवर कुरडया घालायची. आम्ही तिच्या मागोमाग एकेका कुरडईपुढे एकेक खडा ठेवायचो आणि कावळ्याने एखादी पळवली की खडा उरायचा. धनूला त्याची इतकी मौज वाटायची की ती उरलेला खडा कावळ्याच्याच मागे फेकायची. मिरच्या वाळत घातल्या की लहान-मोठे ढीग करायचे, मोठ्या ढिगातून उचलून धाकट्यात घालायच्या आणि दोन्ही सारखे करायचे. सांजेला वासरं सोडताना एकेका गाईजवळ एकेक वासरू न्यायचं. एक गाय वासराविना राहिली की धनू माझा हात धरून मला गोठ्याच्या मागे शोधायला न्यायची.

धनूला ऐकू येत नव्हतं, त्यावर फुईने एक युक्ती काढली. ती धनूला पाठमोरी बसवायची आणि पाठीवर हलकेच चापट्या मारायची. जेवढ्या चापट्या, तेवढे चिंचोके धनूने पुढे मांडायचे. सुरुवातीला दोन, तीन. मग मधेच थांबून पुन्हा मारायची, म्हणजे आधीचे आणि नंतरचे मिळून मांडायचे. धनू डोळे मिटून घ्यायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी पुढे कुठल्याही मुलाच्या चेहऱ्यावर पाहिलं की मला तीच आठवते. जगाने तिच्याशी बोलायला सुरुवात केली होती आणि ती उत्तर देत होती.

आम्ही हसतो-खिदळतो हे पाहून गल्लीतली पोरं यायला लागली. सुताराची, तेल्याची, पाटलांच्या चुलत घरची. पावसाळा संपेस्तोवर खळ्यावर गर्दी व्हायला लागली. त्या पोरांच्या तोंडून मी आकडे शिकले. एकदा माझी पाळी आली आणि मी चुकून आमच्या बोलीत दोनाला बेन म्हटलं. पोरं लोळून लोळून हसली, कारण त्यांच्या लेखी बेन म्हणजे बहीण.

"दोनले बहीण म्हनस ही!"

मला रडू फुटलं. फुईने मला मांडीवर ओढलं आणि धनूलाही शेजारी घेतलं. "मंग खरंच शे ते," ती पोरांना म्हणाली. "या दोन्ही देखा. शेतस का नही बहिणी?" दुसऱ्या दिवसापासून खेळताना तीही मुद्दाम बेन म्हणायला लागली.

गावात लोकल बोर्डाची शाळा होती आणि रतिलाल मास्तर एकटेच सगळे वर्ग चालवायचे. बिगारीच्या, म्हणजे अगदी लहानांच्या, वर्गात यायच्या आधीच काही मुलांना वस्तू मोजता येतात, सारख्या वाटता येतात, हे त्यांना नवल वाटलं. चौकशी करत ते एका संध्याकाळी खळ्यावर आले. आम्ही मातीचे बैल जोड्या लावून उभे करत होतो. मास्तर टोपी काढून खाली बसले आणि त्यांनीही एक बैल केला. त्याला शिंगं काही जमेनात. पोरं हसली, मास्तरही हसले.

निघताना ते म्हणाले, "दगूबाई, तुम्ही शाळेच्या पडवीत येऊन बसाल का? बिगारीची मुलं तुमच्याजवळ राहतील. मला मोठ्यांकडे बघता येईल."

फुई घाबरली. "मास्तर, माले तर आकडा काढाना बी येत नही. मी काय शिकाडसू?"

"आकडे मी शिकवतो तुम्हाला. तुम्ही खेळा."

फुईच्या मनात जायचं होतं. पण गिरधर पाटलांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पाटीलनी बहीण शाळामा जाई? लोके काय म्हनतीन?"

पाटील मनाने दुष्ट नव्हते. बहिणीला त्यांनी कधी जड मानलं नव्हतं. पण गावाच्या तोंडाची त्यांना धास्ती होती. फुईने पुन्हा विषय काढला नाही. मास्तरांनी मात्र एक केलं. ते सुट्टीच्या दिवशी खळ्यावर यायचे, धुळीत बोटाने आकडा काढायचे आणि त्याच्यापुढे तेवढे चिंचोके ठेवायचे. फुई आमच्या शेजारी बसून तो आकडा गिरवायची. चाळिशीच्या घरातली बाई, आणि आम्ही चिमुरडी पोरं तिला सांगायचो, "फुई, तुन्हा नऊ उलटा शे!" ती पुसायची आणि पुन्हा काढायची. मास्तर खळ्यावर आले की ती मला हळूच म्हणायची, "देवनी भलतं चांगलं करं, भुरी. या वयमा माले गुरू दिना."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. तापीचं पाणी ओसरलं की वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागायच्या. पाटलांची वाडी पिकली होती. सगळ्या पोरांना बैलगाडीने डांगरं खायला न्यायचं ठरलं. पाटील स्वतः गाडी हाकणार होते. गाडीत चढताना फुईने खेळ मांडला. ज्याने त्याने गाडीत बसताना एक चिंचोका धनूच्या ओच्यात टाकायचा, आणि परत निघताना आपला उचलून घ्यायचा. धनूला हे काम फार आवडलं. आपला ओचा घट्ट धरून ती राणीसारखी बसली होती. मीही माझा चिंचोका टाकला.

वाळूत आम्ही मनसोक्त खेळलो. डांगरं फोडून खाल्ली, तोंडं-हात चिकट केले. ऊन चढलं तशी मी वाडीच्या टोकाला राखणदाराची कुडाची खोपी होती तिच्या सावलीत जाऊन पडले आणि झोपी गेले.

दुपारनंतर अचानक आभाळ काळं झालं. पलीकडच्या काठावरून धुळीचा लोट उठला. पाटलांनी बैल जुंपले, हाका मारून मारून पोरं गोळा केली. तिथे काय झालं ते मला पुढे फुईनेच सांगितलं. पाटलांनी गाडीत नजर फिरवली. सुताराची, तेल्याची, भाऊबंदांची, आपली, सगळी दिसली. "बठ्ठा पोरे उनात," म्हणाले आणि त्यांनी कासरा झटकला. गाडी हलली. पोरं दाटीवाटीने धनूच्या ओच्यातले चिंचोके उचलत होती.

सगळ्यांचे उचलून झाले आणि धनू गाडीत उभी राहिली. तिने घशातून असा आवाज काढला की बैल बिचकले. पाटील ओरडले, "बठ, धनू! आते येडपना नको!" पण धनू चालत्या गाडीतून वाळूत उडी मारून मोकळी झाली आणि हात वर करून उभी राहिली. तिच्या चिमटीत एक चिंचोका होता.

फुईला क्षणात कळलं. "गिरधर, थांबाड गाडी! एक पोर ऱ्हायनी!"

"कोनी? बठ्ठा तर शेतस!"

"भुरी कोठे शे?"

सालदाराची पोर पाटलांनी मोजलीच नव्हती. ते गाडीतून उतरले आणि धुळीच्या लोटात खोपीकडे, वाडीतल्या एकुलत्या एक सावलीकडे, धावत सुटले.

मला आठवतं ते एवढंच, की मी जागी झाले तेव्हा खोपीचं छप्पर जागेवर नव्हतं. डोळ्यांत वाळू जात होती. नदी कुठल्या बाजूला आणि गाव कुठल्या बाजूला काही कळत नव्हतं. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग कुणीतरी मला उचललं. पाटलांचं उपरणं माझ्या तोंडावर आलं. ते मला छातीशी धरून पळत होते आणि सारखं काहीतरी पुटपुटत होते. आम्ही गाडीशी पोचलो न पोचलो तोच गारा पडायला लागल्या. गाडीखाली सगळी पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. धनूने माझी मूठ उघडली, तो चिंचोका तिच्यात ठेवला आणि मूठ मिटवून घट्ट धरून ठेवली.

संध्याकाळी माझा बा पाटलांच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने पाटलांचे पाय धरायला हात पुढे केले तसे पाटील मागे सरले.

"मन्हा पाय नको धरू, रूपसिंग," ते म्हणाले. "मी तर तुन्ही पोर तठेच सोडी दिन्ही व्हती. धनूनी आनी. आनि धनूले दगूनी शिकाडं."

बा फुईकडे वळला. फुई म्हणाली, "आपुन बठ्ठा देवनाच उपकार मानूत." पण बाने तिच्यापुढे हात जोडलेले तसेच ठेवले. धनू मधे उभी राहून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. छबूबाईने तिला उचलून घेतलं. एवढी मोठी पोर, तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, पण छबूबाईने तिला खूप वेळ खाली ठेवलं नाही.

त्यानंतर बहिणीने काही म्हणायच्या आधीच पाटील स्वतः मास्तरांकडे गेले. पावसाळ्यात शाळा उघडली तेव्हा दगूफुई पडवीत बसली होती. तिच्या एका बाजूला धनू आणि दुसऱ्या बाजूला मी. सालदाराची मुलगी शाळेत कशाला, असं एक-दोघांनी विचारलं. मास्तरांनी माझं नाव आधीच घातलं होतं, आणि धनूचंही. पाटील मध्ये पडले नाहीत आणि मग बाकीचेही पडले नाहीत. लोक म्हणायचे ते थोडे दिवस म्हणाले. आपली पोरं रडत न जाता उड्या मारत शाळेला जातात हे दिसल्यावर त्यांची तोंडं बंद झाली.

फुई कितीतरी वर्षं त्या पडवीत बसली. ती कुणाला मारायची नाही. कुणी अडला की त्याच्या हातात काहीतरी द्यायची, दाणे म्हणा, काड्या म्हणा, आणि त्याच्याबरोबर स्वतः पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. धनू तिच्या हाताखाली तयार झाली. बोलता आलं नाही तिला कधी, पण मोठी झाल्यावर पाटलांच्या घरचं दूधदुभतं तिने सांभाळलं. कुठल्या घरी किती तांबे जायचे हे तिला कधी सांगावं लागलं नाही. तिला येडी म्हणणारी माणसंच दारात तांब्या घेऊन उभी राहायची.

मी चौथी झाले. तोवर आमच्या डोंगरात बरी वर्षं आली होती आणि बा-आई परत पाड्यावर गेली. मला पाटलांनी आणि फुईने ठेवून घेतलं. पुढे मोलगीला एक छोटी शाळा निघाली. तिथे लहान मुलांना सांभाळायला आमची बोली जाणणारी कुणीतरी हवी होती. रतिलाल मास्तरांनी माझं नाव सुचवलं. मी गेले. झाडाखाली मुलं घेऊन बसायची आणि मोहाच्या बिया, बांबूचे तुकडे, नदीतले गोटे यांनी त्यांना खेळवायची. ती मुलं मला घाबरत नव्हती, कारण मी त्यांच्याच शब्दांत मोजत होते.

एके वर्षी हिवाळ्यात दगूफुई मला भेटायला आली. तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती आणि तिने आयुष्यात कधी डोंगर चढला नव्हता. गाडीवाट संपली तिथून बा तिला हाताला धरून घेऊन आला. ती दिवसभर माझ्या मुलांमध्ये बसली. तिची बोली त्यांना कळत नव्हती, त्यांची तिला. दुपारपर्यंत दोघंजण तिच्या मांडीवर होते आणि एक तिच्या पाठीला लोंबकळत होता.

सांजेला आईने चूल पेटवली. मक्याची भाकरी भाजली, उडदाची डाळ केली. मग ताट वाढताना तिचा हात अडला. फुई माळकरी. पाटलांच्या घरातल्या चुलीखेरीज तिने कुठे अन्न घेतलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी बाने गूळ आणि शेंगदाणे आणून वेगळे ठेवले होते. आईने ते तिच्यापुढे केले.

फुईने गूळ-शेंगदाणे बाजूला सरकवले. "कमली," ती म्हणाली, "तुन्हा घर इसन मी शेंगा खाऊ? भाकर दे."

आईने वाढलं. फुईने पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाली, "डाय चांगली व्हयनी." आई चुलीकडे तोंड फिरवून रडायला लागली. बा दारात बसला होता, तोही डोळे पुसत होता. फुईने दुसरी भाकरी मागून घेतली.

दोन पावसाळ्यांनंतर ती गेली. निरोप मोलगीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी त्या दिवशी शाळा बंद ठेवली नाही. मुलांना घेऊन झाडाखाली बसले आणि ती माझ्या आयुष्यात आली याबद्दल मनातल्या मनात तिला आणि देवाला हात जोडले.